‘कर्नलला हात लावू नका’ या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

परवा रात्री अकराच्या सुमाराला भाच्याचा मेसेज आला, "मामा हे वाच, मी होल्ड मारून टाकला, /बूट तेवढं उद्या साफ करतो." (होल्ड म्हणजे कर्नलचं, लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट अडवून ठेवणं, आणि /बूट म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्सची जागा.) आणि खाली तोच फॉरवर्ड, जो गेले काही आठवडे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये फिरतोय. मी तो आधी तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा काही न बोलता सोडून दिला होता. तेव्हाच लिहायला हवं होतं.

भाचा एका क्लासची साइट सांभाळतो. त्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल सर्व्हरवर, मुलांची नावं, मार्क, पालकांचे फोन नंबर असं सगळं आहे, म्हणजे शिकायला म्हणून घेतलेलं मशीन नाही ते. त्याला लगेच फोन लावला, "/बूटला हात लावू नकोस, सकाळी दोघं मिळून बघू" म्हटलं. तेव्हा जे बोललो आणि काल पहाटे जे केलं ते इथे लिहून काढतोय, कारण हा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला म्हणजे बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला आहे आणि त्यातल्या काहींनी तो वाचून कमांडसुद्धा चालवल्या असणार.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, मेसेज थोडक्यात असा आहे: व्हीपीएसचा कर्नल प्रोव्हायडर सांभाळतो, आपण हात लावायचा नाही. कर्नलमधली भोकं सगळी ‘लोकल’ असतात, तुमच्याशिवाय कोणी लॉगिन करत नसेल आणि फायरवॉल चालू असेल तर धोका शून्य. कर्नल अपडेट करून रीबूट केलं की निम्मे सर्व्हर परत उठत नाहीत. अपटाइम, म्हणजे रीबूट न होता सलग चालल्याचा काळ, जितका मोठा तितका सर्व्हर भक्कम. करायचंच असेल तर डिस्ट्रोचा (उबुंटू, डेबियन वगैरेंचा) जुनाट कर्नल नको, थेट कर्नल डॉट ऑर्गवरचा सगळ्यात नवा टाका. आणि शेवटी, कर्नलची पॅकेजेस होल्डवर टाका आणि /बूट मधल्या जुन्या फाइल्स ‘आरएम’ने उडवा, जागा मोकळी होते.

"कर्नल प्रोव्हायडर सांभाळतो"

हे अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. व्हीपीएस म्हणून दोन जातींच्या गोष्टी विकल्या जातात. एकात एकाच मोठ्या मशीनच्या कर्नलवर अनेक गिऱ्हाइकांचे कंटेनर चालतात, ओपनव्हीझेड नाहीतर एलएक्ससी. तिथे तुमचा स्वतःचा कर्नल नसतोच, ‘युनेम’ ही कमांड जो नंबर दाखवते तो खालच्या होस्टचा असतो, आत कर्नलचं पॅकेज टाकलंत तरी ते डिस्कवर नुसतं पडून राहतं. तिथे काय करायचं ते प्रोव्हायडरनेच करायचं.

दुसरी जात केव्हीएमची. त्यात अख्खं व्हर्च्युअल मशीन तुमचं, ग्रब (कुठला कर्नल बूट करायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) तुमचा, कर्नल तुमचा, आणि प्रोव्हायडर आत येऊन तुमची पॅकेजेस बदलत नाही, बदलूही नयेत त्याने. आपलं कुठलं आहे ते कळायला ‘सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ एवढी एक कमांड पुरते, भाच्याने चालवली तर ‘केव्हीएम’ असं उत्तर आलं. म्हणजे इतके दिवस तो समजत होता प्रोव्हायडर बघतोय, प्रोव्हायडर समजत होता गिऱ्हाईक बघतंय, आणि कर्नलकडे कोणीच बघत नव्हतं. (काही जुन्या सेटअपमध्ये कुठला कर्नल बूट व्हायचा ते प्रोव्हायडरच्या पॅनेलमध्ये निवडलेलं असतं. नवा टाकूनही रीबूटनंतर जुनाच नंबर दिसत असेल तर आधी ते सेटिंग बघा, ते ग्रबवर आणावं लागतं.)

कंटेनरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ‘युनेम -ए’ केलं की बहुतेक वेळा कर्नल बिल्ड केल्याची तारीख दिसते, ती दीड-दोन वर्षं जुनी असेल तर प्रोव्हायडरला सरळ विचारा. ओपनव्हीझेडची सहावी आवृत्ती २.६.३२ वर चालायची, तो कर्नल मुळात डिसेंबर २००९ चा. असा नंबर आज दिसला तर विचारण्यातही वेळ घालवू नका, डेटा उचला आणि दुसरीकडे जा.

"भोकं लोकल असतात, तुमच्याशिवाय कोणी लॉगिन करत नसेल तर धोका शून्य"

मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला, कारण ते ऐकायला अगदी पटतं. भाच्यालाही हेच पटलं होतं, "मामा, एसएसएच फक्त माझ्या कीनेच चालतं, मग लोकल कोण येणार?" (एसएसएच म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय.)

लोकल म्हणजे कीबोर्डसमोर बसलेला माणूस असा अर्थ नाहीये. लोकल म्हणजे त्या मशीनवर कुठल्याही युजरच्या नावाने कोड चालवू शकणारा कोणीही. आता तुमच्या सर्व्हरवर चालू प्रोसेस बघा, वेब सर्व्हर नाहीतर पीएचपी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ किंवा तसल्याच एखाद्या युजरखाली चालू दिसेल. हा युजर कधीच लॉगिन करत नाही आणि तरी दिवसरात्र कोड चालवत असतो, तोही बाहेरच्या अनोळखी लोकांनी पाठवलेल्या इनपुटवर. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर, अपलोड केलेला फोटो, प्लगइनच्या यूआरएलला आलेली रिक्वेस्ट, हे सगळं त्याच्याच हातात जातं. त्यातल्या एका प्लगइनला अपलोड नीट तपासता आला नाही की बाहेरचा माणूस त्या युजरच्या नावाने आत आला, आणि तो आता ‘लोकल’ झाला. एसएसएचची की त्याने बघितलीसुद्धा नाही.

हे मी मनाने रचून सांगत नाहीये. डर्टी काऊ हा कर्नलमधला बग आठवत असेल, सीव्हीई-२०१६-५१९५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या बगांना दिला जाणारा जाहीर नंबर). तो बग कसा सापडला ते फार कमी लोक सांगतात. फिल ओस्टर नावाचा माणूस काही साइट्स सांभाळायचा, त्यातली एक फोडली गेली. त्याने काही वर्षांपासून एक सवय लावून घेतली होती, सर्व्हरवर येणारा सगळा एचटीटीपी ट्रॅफिक पॅकेट-पॅकेट करून साठवून ठेवायचा. साइट फोडली गेल्यावर त्याने ती साठवण उघडली, हल्लेखोराने अपलोड केलेली फाइल त्यातून बाहेर काढली आणि वेगळ्या बंद मशीनवर चालवून बघितली. साधा युजर काही सेकंदांत रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, झाला. तोपर्यंत हा बग जगाला माहीतच नव्हता, म्हणजे हल्लेखोरांकडे तो आधीपासून होता आणि ते वापरत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅच (दुरुस्ती) आला. बग किती जुना? कर्नल २.६.२२ पासूनचा, २००७ चा. लिनक्सचा निर्माता टोरवाल्ड्सने पॅचसोबत स्वतःच लिहिलंय की हा बग त्याने अकरा वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता पण ते काम नीट झालं नव्हतं.

आता त्या मेसेजमधलं वाक्य या घटनेला लावून बघा. बग लोकल होता का, तर होता, शंभर टक्के लोकल. कोणी लॉगिन केलं का, नाही. फायरवॉलने अडवला असता का, तर एक्स्प्लॉइट (बगचा फायदा घेणारा कोड) आला एचटीटीपीवरून, ज्याला आत सोडण्यासाठीच तो सर्व्हर ठेवलेला होता. तुम्ही एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट बंद करा, आयपीची यादी लावा, काहीही करा, वेबचे ८० आणि ४४३ उघडे ठेवावेच लागणार, नाहीतर साइट चालणार कशी.

आणि हा बग काम कसा करायचा तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे ‘धोका शून्य’ या शब्दांचं वजन कळेल. लिनक्समध्ये फक्त वाचायची परवानगी असलेली फाइल तुम्ही मेमरीत खाजगी म्हणून घेतलीत आणि तिच्यात लिहायला गेलात तर कर्नल गुपचूप त्या पानाची एक प्रत काढतो आणि तुमचं लिखाण त्या प्रतीवर करतो, मूळ फाइल तशीच राहते. डर्टी काऊमध्ये दोन थ्रेड एकमेकांशी शर्यत लावायचे, एक थ्रेड सतत लिहायचा, दुसरा सतत सांगायचा की ती प्रत मला नको, फेकून दे. हजारो वेळा केल्यावर एखादा क्षण असा यायचा की प्रत फेकलेली आहे आणि लिहायचा हुकूम अजून बाकी आहे, आणि ते लिखाण जाऊन पडायचं थेट मूळ फाइलवर. मूळ फाइल म्हणजे कुठली, तर पासवर्डची फाइल, किंवा रूटच्या हक्काने चालणारा एखादा प्रोग्रॅम. फाइलच्या परवानग्या जागच्या जागी, मालक तोच, आणि आतला मजकूर मात्र बदललेला.

कोणी म्हणेल की वेबच्या युजरखाली कोड चालला तरीही नुकसान झालंच ना, डेटाबेसचा पासवर्ड त्यालाही वाचता येतो. बरोबर आहे, ते नुकसान लहान नाही. पण तिथवर थांबलेला माणूस तुम्हाला लॉगमध्ये दिसतो, त्याच्या फाइल्स सापडतात, त्याला हाकलता येतं. रूट झालेला माणूस लॉग बदलतो, स्वतःची की टाकतो, पाहिजे तर स्वतःचं कर्नल मॉड्यूल घालून प्रोसेसच्या यादीतून गायब होतो, आणि मग त्या मशीनवरच्या कुठल्याच कमांडच्या उत्तरावर तुम्हाला विश्वास ठेवता येत नाही. तिथे एकच उपाय उरतो, सर्व्हर पुसायचा आणि पहिल्यापासून उभा करायचा.

कोणी म्हणेल २०१६ जुनं झालं. मग डर्टी पाइप घ्या, सीव्हीई-२०२२-०८४७, कर्नल ५.८ पासूनचा. मॅक्स केलरमन या माणसाला तो सापडला तोही एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून, की डाउनलोड केलेल्या लॉगच्या फाइल्स उघडत नाहीत. महिनोन् महिने तो त्या बिघडलेल्या फाइल्सच्या मागे होता आणि शेवटी कळलं की दोष त्याच्या प्रोग्रॅमचा नाही, कर्नलचा आहे. दुरुस्त केलेले कर्नल ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ हे २३ फेब्रुवारी २०२२ ला निघाले, ७ मार्चला सगळा तपशील जाहीर झाला, चालणाऱ्या कोडसकट. त्या दिवसापासून पॅच आणि एक्स्प्लॉइट दोन्ही सगळ्यांना मोकळे होते आणि कोण आधी पोचतो एवढाच प्रश्न उरला होता. होल्डवर टाकलेला सर्व्हर त्या शर्यतीत उतरतच नाही. २०२४ मध्ये कर्नलमधल्या नेटफिल्टर या भागाचा सीव्हीई-२०२४-१०८६ आला, मार्चमध्ये त्याचा एक्स्प्लॉइट जाहीर झाला आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने तो ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जाणारे बग’ या यादीत टाकला. तोही लोकलच, आणि तोही त्याच भागात ज्याच्यावर तुमची फायरवॉल चालते.

बरं, ‘सगळी भोकं लोकल’ हे तरी खरं आहे का? जून २०१९ मधला सॅक पॅनिक, सीव्हीई-२०१९-११४७७, नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनीने शोधलेला. त्यात लॉगिन नको, अपलोड नको, उघड्या टीसीपी पोर्टवर विशिष्ट तऱ्हेचे पॅकेट्स पाठवले की कर्नल पॅनिक होऊन अख्खं मशीन आडवं. २.६.२९ पासूनच्या कर्नलला लागू. त्याच्यावर तात्पुरते उपाय होते, एक सेटिंग बंद करणं किंवा फारच लहान एमएसएसचे (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) पॅकेट अडवणं, पण ते करायला सुरक्षेच्या सूचना वाचाव्या लागतात, आणि हा मेसेज तर लोकांना सांगतोय की तिकडे बघूच नका.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूने सांगायला हवी. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले सीव्हीई नंबर स्वतःच देतात आणि जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला देतात, त्यामुळे वर्षाला हजारोंनी नंबर निघतात आणि त्यातले बहुतेक तुमच्या सर्व्हरला शिवतसुद्धा नाहीत, ज्या ड्रायव्हरचं हार्डवेअरच नाही त्याच्या बगचं तुम्हाला काय. प्रत्येक नंबर बघून रीबूट करत सुटा असं मीही म्हणत नाही. पण त्या ढिगात डर्टी काऊ कुठला आहे ते ओळखण्याचं काम डिस्ट्रोची सिक्युरिटी टीम करते, आणि होल्ड मारून आपण नेमका तिचाच हात धरून ठेवतो.

"रीबूट केलं की सर्व्हर उठत नाही" आणि "अपटाइम मोठा म्हणजे सर्व्हर भक्कम"

हे दोन्ही मुद्दे एकत्रच घेतो, कारण पहिल्याचं कारण दुसऱ्यात आहे, आणि ते काल पहाटे डोळ्यासमोर घडलं.

भाच्याच्या सर्व्हरचा अपटाइम होता ४१२ दिवस. त्याला त्याचा अभिमान होता, स्क्रीनशॉटही काढून ठेवलेला. मी त्याला म्हटलं, आत्ता नवा कर्नल नको, आधी नुसतं रीबूट करू, तेही आत्ता चालू आहे त्याच कर्नलवर. त्याला ते पटेना, "मग उपयोग काय?" मी म्हटलं करून बघू. आधी स्नॅपशॉट घेतला, प्रोव्हायडरच्या पॅनेलमधून कन्सोल उघडला, एसएसएच नाही, कन्सोल, ज्यात बूट होतानाचा काळा पडदा दिसतो. डेटाबेसचा डंप वेगळा काढून खाली उतरवला. मग रीबूट, आणि ग्रबच्या मेनूत मुद्दाम जुनाच नंबर निवडायला लावला.

सर्व्हर उठला नाही.

पडद्यावर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि बाजूला दीड मिनिटाचा काटा सुरू. काटा संपला आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. भाचा एकदम गप्प. कारण शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, गेल्या वर्षी त्याने बॅकअपसाठी एक जादा व्हॉल्यूम घेतला होता, नंतर पॅनेलमधून काढून टाकला, पण एफएसटॅबमधली (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) त्याची ओळ तशीच राहिली होती, ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) न लावता. चालू मशीनला त्याने काही फरक पडत नव्हता, बूट होताना मात्र सिस्टिम नसलेली डिस्क शोधत बसली. ती ओळ बंद करायला तिच्या आधी एक हॅश टाकला, परत रीबूट, उठला.

उठला पण साइट अर्धीच. पानं दिसतायत, निकालाचं पान एरर देतंय. विचारलं तेव्हा त्याला आठवलं की निकालाचा छोटा प्रोग्रॅम त्याने तेव्हा घाईत एका ‘स्क्रीन’ सेशनमध्ये (लॉगआउट केलं तरी चालू राहणारं टर्मिनल) हाताने चालू केला होता आणि तो गेले ४१२ दिवस तसाच चालू होता. त्याची बूटबरोबर आपोआप सुरू होणारी सर्व्हिस बनवली, एनेबल केली, पुन्हा एकदा रीबूट करून खात्री केली.

आत्तापर्यंत तीन रीबूट झाले, दोनदा गोष्टी तुटल्या, आणि कर्नल तोच होता, एका बिटाचाही फरक नाही. त्याने एकट्याने रात्री कर्नल अपडेट करून रीबूट केलं असतं तर ‘कर्नलने सर्व्हर मारला’ असं तो मनापासून म्हणाला असता आणि तोच मेसेज अजून दहा ग्रुपांत टाकला असता. ते निम्मे सर्व्हर उठत नाहीत म्हणतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं असणार, एफएसटॅब, हाताने चालू केलेल्या सर्व्हिसेस, सेव्ह न केलेले आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम, दीड वर्षात साठलेलं सगळं एकाच पहाटे बाहेर येतं. मोठा अपटाइम एवढंच सांगतो की हे मशीन रीबूट झालं तर काय होईल ते गेले इतके दिवस कोणी बघितलेलं नाही. आणि होस्टची वीज गेली किंवा प्रोव्हायडरने मशीन हलवलं तर रीबूट तुम्हाला न विचारताच होणार, तेव्हा तुम्ही झोपलेले असाल.

कर्नलमुळे कधीच काही बिघडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलसिस्टिमचा डेटा खराब करणारा बग निघाला, १२.३ चं प्रकाशन थांबवावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसकट थेट १२.४ आलं. डेटा खराब होणं ही फार वाईट गोष्ट आहे, ज्यांना झळ बसली त्यांचा राग योग्यच. पण यातून निघणारा धडा दोन-चार दिवस थांबा, आधी दुसऱ्या लहान मशीनवर टाकून बघा, बॅकअप ठेवा असा आहे. त्यातून कायमचा होल्ड कसा काय निघतो? त्या वेळी ६.१.६४ वर होल्ड मारून बसलेल्याची गत काय झाली असती तेही बघा, बिघडलेला कर्नल त्याच्याच मशीनवर अडकून पडला असता.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी ग्रबमध्ये सोय आहे. डीफॉल्ट ‘सेव्हड’ ठेवून जुना कर्नल सेव्ह करायचा आणि ‘ग्रब-रीबूट’ने नवा एकाच खेपेसाठी निवडायचा. सोबत कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ टाकलं तर नवा कर्नल पॅनिक झाल्यावर दहा सेकंदांत मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येतं. मात्र हे पॅनिकपुरतंच, इमर्जन्सी मोडमध्ये अडकलेल्या मशीनला कन्सोलच लागतो. रीबूट अजिबातच चालत नसेल तर लाइव्हपॅच (चालू कर्नललाच रीबूटशिवाय दुरुस्ती) आहे, उबुंटू प्रोमध्ये वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत फुकट मिळतं, पण त्यात निवडक गंभीर बगच येतात, रीबूट पुढे ढकललं जातं, टळत नाही.

होल्ड काढून, नवा कर्नल टाकून चौथा रीबूट केला. ३८ सेकंदांत साइट परत वर, निकालाच्या पानासकट.

इथे भाच्याने एक प्रश्न विचारला जो मेसेजमध्ये नाही पण बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, "मी दर आठवड्याला अपग्रेड करतो की, मग कर्नल जुना कसा?" डिस्कवर आलेला कर्नल आणि चालू असलेला कर्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीबूट होईपर्यंत जुनाच चालू राहतो, त्याच्या /बूटमध्ये दोन नवे कर्नल येऊन नुसते बसलेले होते. उबुंटूचं अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सोय) नवं पॅकेज टाकतं पण मुद्दाम सांगितल्याशिवाय रीबूट करत नाही, ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तेवढी ठेवून देतं. आणि ‘एपीटी-गेट अपग्रेड’ नवी नावं असलेली पॅकेजेस टाकतच नाही, ‘केप्ट बॅक’ म्हणून यादीत दाखवतं, आणि कर्नलच्या पॅकेजच्या नावातच नंबर असल्यामुळे नेमका तोच मागे राहतो. नुसतं ‘एपीटी अपग्रेड’ केलं तर येतो.

"डिस्ट्रोचा कर्नल जुनाट, थेट सगळ्यात नवा टाका"

एका दमात कर्नलला हात लावू नका आणि दुसऱ्या दमात सगळ्यात नवा टाका. उबुंटू २२.०४ वर ५.१५ दिसतं म्हणून तो २०२१ चा कर्नल होत नाही, पुढच्या दुरुस्त्या त्यात मागे आणून घातलेल्या असतात, मूळ नंबर तोच राहतो, शेवटचे आकडे बदलतात. रेड हॅट ९ चा ५.१४ ही तसाच. हाताने टाकलेल्या कर्नलला उद्या भोक सापडलं तर तो तुम्हालाच पुन्हा हाताने बदलावा लागणार, आणि उबुंटूची जी मेनलाइन (डिस्ट्रोचे बदल न घातलेली) बिल्ड्स लोक उतरवून घेतात त्यांच्यासाठी ती प्रॉडक्शनला वापरू नका असं उबुंटूवालेच सांगतात. नव्या हार्डवेअरसाठी कधी गरज पडते, व्हीपीएसवर ते कारण सहसा नसतंच.

"/बूट मधल्या फाइल्स आरएमने उडवा"

हा मुद्दा शेवटी एका ओळीत घातलाय आणि नुकसान सगळ्यात जास्त याच्याने होणार आहे. /बूट भरतं ही अडचण खरी आहे, वेगळं लहान पार्टिशन असेल तर जुन्या कर्नलांनी भरतं आणि मग नवा टाकताना इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट बनतो. पण त्याला उपाय ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ आहे, तो चालू कर्नल आणि सगळ्यात नवा कर्नल राखून बाकीचे नीट काढतो, ग्रबची यादीही बदलतो. हाताने फाइल्स उडवल्या की पॅकेज मॅनेजरच्या लेखी त्या अजून आहेत, ग्रबच्या यादीतही आहेत, डिस्कवर मात्र नाहीत. आणि चालू मशीनला त्याचा काहीच पत्ता लागत नाही, कारण कर्नल एकदा मेमरीत गेला की त्याला /बूट लागत नाही. सगळं छान चालू दिसतं, पुढच्या रीबूटपर्यंत. वर ‘रीबूट करू नका’ हा सल्ला आहेच, म्हणजे ही चूक महिनोन् महिने कोणाला कळणारही नाही.

भाच्याचं हे करायचं राहिलं होतं म्हणून वाचला. तुम्ही केलं असेल तर आत्ता रीबूट करू नका. सर्व्हर चालू आहे तोवरच दुरुस्ती सोपी आहे. आधी /बूट मध्ये काय उरलंय ते बघा, ‘व्हीएमलिनझ’ (खुद्द कर्नलची फाइल) आणि ‘इनिटआरडी’ची एकाच नंबरची जोडी आहे का ते. नसेल तर होल्ड काढा, तुमच्या सर्व्हरवर जे मेटा-पॅकेज (नव्या कर्नलचं पॅकेज ओढून आणणारं) असेल, उबुंटूवर लिनक्स-इमेज-जेनेरिक किंवा लिनक्स-इमेज-व्हर्च्युअल, डेबियनवर लिनक्स-इमेज-एएमडी६४, ते अपडेट करून टाका, आणि आधीच नव्यात नवं आहे असं उत्तर आलं तर त्याच नंबरचं इमेज पॅकेज ‘--रीइन्स्टॉल’ लावून पुन्हा टाका. इनिटआरडी बनताना एरर आली नाही ना ते आउटपुटमध्ये वाचा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, जोडी दिसतेय का पुन्हा बघा. मग डेटाबेसचा डंप बाहेर काढा, स्नॅपशॉट घ्या, कन्सोल उघडा, आणि साइटवर कोणी नसेल अशा वेळी जागे राहून रीबूट करा.